आधी खूण, मग पाना

पुष्कळ सद्गृहस्थांची अशी समजूत असते की, मोटारगाडी ही केवळ बसावयाची वस्तू आहे. तिच्या पोटात काय चालले आहे याची चौकशी बसणाराने करू नये. ही समजूत मोठी सोयीची आहे आणि ज्यांस ती परवडते त्यांनी ती खुशाल बाळगावी. आमचा धंदा पडला शिकविण्याचा. जी वस्तू आपण रोज वापरतो ती चालते कशी, हे ठाऊक नसले म्हणजे वर्गात उभे राहताना आम्हांस थोडे अवघडल्यासारखे होते. शिवाय विद्यार्थी प्रश्न विचारतात तेही नेमके तेथेच, जेथे पाठ्यपुस्तक मौन धरते. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही घरच्या जुन्या गाडीचे इंजिन पुढच्या बाजूने उघडले, कॅमशाफ्ट फिरविणारी दातेरी चक्रे काढली आणि नवी बसविली. त्या कामात आमच्या शाळेतील इयत्ता नववीचे दोन विद्यार्थी हाताशी होते, म्हणून ती हकीकत या अंकात देण्यास हरकत नसावी.

गाडी आमच्या वडिलांची, प्रीमियर पद्मिनी. हल्लीच्या मुलांस हे नाव ऐकूनच माहीत असावयाचे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून ती सर्वांच्या ओळखीची होती. त्या टॅक्सींपैकी अखेरची गाडी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून निघाली. मूळ रचना इटलीतील फियाट कंपनीची, परंतु गाडी बनत असे मुंबईत कुर्ल्यास, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. हा कारखाना १९४४ साली स्थापन करणारे शेठ वालचंद हिराचंद हे आपल्या शेजारच्या सोलापूरचे. १८८२ साली त्यांचा जन्म तेथेच झाला. जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्ही वस्तू या देशात बनाव्यात, असा ध्यास घेतलेला हा गृहस्थ. फियाटची ही अकराशे जातीची गाडी पुढे १९७४ पासून 'पद्मिनी' नावाने विकली जाऊ लागली. इंजिन १,०८९ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे. बांधणी इतकी सरळ की झाकण उघडले असता प्रत्येक भाग डोळ्यांस दिसतो व हातास लागतो. आजच्या गाड्यांचे झाकण उघडले तर काळ्या प्लास्टिकचे दुसरे झाकण दिसते, आणि जिज्ञासा तेथेच संपते.

वडिलांनी जन्मभर खेडोपाडीच्या शाळांतून शिकविले. ही गाडी त्यांनी उतारवयात जुनीच विकत घेतली. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. दृष्टी अधू झाली आहे, कान मात्र शाबूत आहेत. आमच्या मातोश्रींची कबर सोलापुरास आहे. दरवर्षी जानेवारीत त्यांच्या स्मृतिदिनी वडील तेथे जातात व याच गाडीने जातात. एस.टी. आहे, भाड्याची गाडीही मिळते, हे त्यांस आम्ही सांगून पाहिले आहे. "तुझी आई या गाडीत डावीकडे बसत असे," एवढेच ते म्हणतात, आणि मग बोलणे खुंटते.

पावसाळा संपता संपता गाडीच्या पुढच्या बाजूने आवाज येऊ लागला. लोखंडी वाटीत चार खडे घालून हलवावे तसा. वडील अंगणात खाटेवर बसून ऐकत. "टायमिंगची साखळी सैल झाली आहे," असे निदान त्यांनी न पाहताच केले. चढावर ओढही कमी झाली होती. तुळजापूरच्या घाटात तर मागून येणारे ट्रकवाले भोंगा वाजवून आमचा उद्धार करीत. एका मोठ्या दुरुस्तीगृहात गाडी दाखविली. तेथील गृहस्थांनी झाकण उघडण्याचीही तसदी न घेता निर्णय दिला की इंजिन संपले, गाडी भंगारात द्यावी. इकडे नोंदणीची मुदतही भरत आली होती. पंधरा वर्षे उलटलेल्या खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते आणि त्यासाठी गाडी तपासणीस न्यावी लागते. खडखडणारे इंजिन घेऊन तेथे जाणे शक्य नव्हते. हातात वेळ होता तो दिवाळीच्या सुटीपुरता.

येथे विषयाचे थोडे विवरण केले पाहिजे. वाचकांनी कंटाळू नये.

इंजिनाचा पिस्टन चार वेळा वर-खाली करतो तेव्हा त्याचे एक आवर्तन पुरे होते. पहिल्या खेपेस तो खाली येऊन हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढतो, दुसऱ्या खेपेस वर जाऊन ते दाबतो, तिसऱ्या खेपेस मिश्रण पेटून पिस्टनास खाली ढकलते, चौथ्या खेपेस तो वर जाऊन धूर बाहेर घालवितो. निकोलाउस ओटो या जर्मन गृहस्थाने १८७६ साली या रीतीचे इंजिन चालवून दाखविले. आजही पेट्रोलच्या गाडीची तीच रीत आहे. या चार खेपांत क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवितात तो मुख्य दंड, दोन फेरे घेतो. परंतु मिश्रण आत येण्याचे दार एकदाच उघडावयाचे आणि धूर जाण्याचे दारही एकदाच. ही दारे म्हणजे व्हॉल्व्ह. ती उघडण्याचे काम कॅमशाफ्ट करतो. या दंडावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. उंचवटा खाली आला की दार उघडते, सरकून गेला की स्प्रिंग ते मिटते. उंचवट्याने दुसरी वस्तू उचलण्याची ही युक्ती अतिशय जुनी आहे. अल-जझरी या मुसलमान यंत्रज्ञाने १२०६ साली लिहिलेल्या ग्रंथात ती आढळते.

क्रँकचे दोन फेरे, कॅमचा एक. म्हणून क्रँकवरील चक्राला जितके दाते असतील त्याच्या नेमके दुप्पट दाते कॅमवरील चक्राला पाहिजेत. दोन्ही चक्रांवरून साखळी जाते, सायकलीच्या साखळीचीच ती बहीण. इंजिन मिनिटास तीन हजार फेरे घेत असेल तर कॅमशाफ्ट पंधराशे घेणार. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदास पंचवीस वेळा उघडून मिटणार. मुलांनी हा हिशोब अंगणातील फरशीवर खडूने केला. वर्गात याच मुलांस गुणोत्तराचे उदाहरण घातले की त्यांच्या चेहऱ्यावर जी कळा पसरते, ती त्या दिवशी दिसली नाही, याची आम्ही नोंद करून ठेवतो.

आता या कामातील खरा धोका कोणता? चक्र काढणे कठीण नाही. चार पाने आणि थोडे बळ यांवर ते निघते. धोका हा की, काढताना दोन दंडांचे एकमेकांशी असलेले नाते तुटते. साखळी आहे तोवर क्रँक कोठे आहे हे कॅमला ठाऊक असते. साखळी निघाली की दोघे परके झाले. एक जरासा फिरला तरी दुसऱ्याला पत्ता नाही. मोठ्या चक्रास हिशोबापुरते चाळीस दाते धरा. साखळी एकच दाता चुकून बसली तर कॅम नऊ अंशांनी चुकला, आणि क्रँकच्या मापाने तो अठरा अंशांनी चुकला. दार उघडावयास उशीर, मिटावयास उशीर. ठिणगीचे यंत्रही कॅमकडूनच चालते, म्हणून तिलाही उशीर. पुष्कळ गाड्यांच्या इंजिनांत तर अशा वेळी पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि सर्वच वाकडे होते.

आमच्या शेजारी एक वृद्ध मिस्त्री राहतात. सर्व गाव त्यांस चाचा म्हणते. निजामी अमदानीत त्यांच्या वडिलांनी बस दुरुस्त केल्या; त्यांनी स्वतः पन्नास वर्षे ट्रकांखाली घालविली. आता गुडघे दुखतात म्हणून काम सोडले आहे. आम्ही त्यांस केवळ देखरेखीस बोलाविले. त्यांनी खुर्ची मागितली, चहा मागितला आणि पहिली आज्ञा केली ती ही: "गुरुजी, आधी खूण, मग पाना. खूण केल्याशिवाय एक नट ढिला करायचा नाही."

मुलांनी त्याप्रमाणे केले. बॅटरीची तार सोडली, रेडिएटरचे पाणी काढून तो उतरविला, पंखा व पट्टा काढला. ठिणगीचे प्लग काढले, त्यामुळे इंजिन हाताने फिरविणे सोपे होते. क्रँकच्या टोकाचा मोठा नट फार घट्ट असतो. गाडी गिअरमध्ये टाकून एकाने ब्रेक दाबून धरला, तेव्हा तो दुसऱ्याच्या हातून सुटला. प्रत्येक बोल्ट कोठून निघाला हे पुठ्ठ्यावर इंजिनाची आकृती काढून तिच्यातच तो खोचून ठेवण्याची कल्पना एका विद्यार्थ्याची. ती चाचांनाही पसंत पडली. "पन्नास वर्षं मी डब्यात टाकत आलो," असे ते म्हणाले.

पुढचे झाकण निघाले आणि चक्रे दिसली. साखळी मध्यावर बोटाने दाबली असता चांगलीच आत जात होती. क्रँक हळूहळू फिरवून दोन्ही चक्रांवरील मूळच्या खुणा समोरासमोर आणल्या. वर पांढरा रंग लावून त्या पक्क्या केल्या. मग मोठ्या चक्राचे बोल्ट सोडले. खाली तेलाच्या टाकीच्या तोंडावर जुने धोतर कोंबून ठेवले होते, कारण लहान चक्राखाली अर्धचंद्राच्या आकाराची एक लोखंडी चावी असते, ती निसटून टाकीत पडली तर टाकीच उतरवावी लागते. लहान चक्र मात्र हलेना. एका विद्यार्थ्याने हातोडी उचलली. चाचा खुर्चीतून उठले नाहीत, आवाजही चढविला नाही, "बेटा, दाराला कडी असताना लाथ मारतात का?" एवढेच विचारले. पुलर नावाचे तीन नख्यांचे हत्यार त्यांच्या घरून आणले. त्याच्या मधला स्क्रू थोडथोडा पिळताच चक्र पुढे सरकले आणि साखळीसह दोन्ही चक्रे एकदम हातात आली.

दाते पाहण्यासारखे झाले होते. नव्या चक्राचा दाता दोन्ही बाजूंनी सारखा असतो. हे दाते एका अंगाने झिजून वाघनखासारखे वाकले होते. इंजिन संपले नव्हते. दोन चक्रे व एक साखळी एवढेच काय ते संपले होते.

नवी चक्रे येथे मिळाली नाहीत, सोलापुरासही नाहीत. अखेर ती मुंबईहून आली आणि तीही कुर्ल्याहूनच, जुन्या गाड्यांचे भाग विकणाऱ्या एका दुकानातून. ज्या गावी गाडी जन्मली त्याच गावाने तिला औषध पाठविले, असे वडील म्हणाले व खूष झाले.

पार्सल येण्यास चार दिवस लागले. त्या चार दिवसांत एक प्रकरण उपस्थित झाले, ते सांगितलेच पाहिजे. मदतीस येणाऱ्या मुलांपैकी एकाचे वडील दारात येऊन उभे राहिले. शेतकरी गृहस्थ, बोलणे मृदु, पण मनात राग होता. मुलाच्या कपड्यांवरील तेलाचे डाग आम्हांस दाखवून ते म्हणाले, "सर, पोरगं तुमच्याकडं पाठवलं ते शिकायला. पाना फिरवायचा असता तर गावातलं गॅरेज काय वाईट होतं? ह्याला गुण किती मिळतात?"

प्रश्न खरा आहे आणि विचारणाराच्या पोटातून आलेला आहे. ज्यांनी मातीत राबून मुलास शाळेत घातले त्यांस मुलाचे हात पुन्हा काळे झालेले पाहवत नाहीत. आम्ही त्यांस सांगितले की, गुण मिळत नाहीत. अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, अमेरिकन मराठी मिशनने अक्षरांबरोबर हातकामाचीही शाळा चालविली होती आणि चर्चिल नावाच्या अभियंता मिशनऱ्याने विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे हातमागात सुधारणा केल्या, हेही सांगावेसे वाटत होते. परंतु समोर उभ्या असलेल्या बापास इतिहास ऐकविणे हे त्याच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. आम्ही त्यांस बसावयास खुर्ची दिली आणि मुलास म्हटले, "काय केलेस ते दाखव." मुलाने फरशीवरील हिशोब दाखविला, पुठ्ठ्यावरील बोल्ट दाखविले, झिजलेले चक्र हातात दिले. गृहस्थांनी ते उलटसुलट करून पाहिले. काही बोलले नाहीत. चहा घेऊन निघून गेले. मुलगा दुसऱ्या दिवशी येईल की नाही याची आम्हांस खात्री नव्हती.

तो आला, आणि चक्रे बसविण्याच्या दिवशी त्याचे वडीलही आले. कोपऱ्यात उभे राहून पाहत होते.

नवी साखळी दोन्ही चक्रांवर घालून, खुणा समोरासमोर धरून, तिन्ही वस्तू एकदम बसविल्या. बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळले. आता चाचा म्हणाले, "झाकण नको. हाताने फिरवा." मुलाने पान्याने क्रँक पूर्ण एक फेरा फिरविला आणि तो पांढराफटक पडला. क्रँकची खूण जागेवर आली होती. कॅमची खूण पार वरच्या टोकास जाऊन बसली होती. "सर, चुकलं!" दुसरा मुलगाही घाबरून वाकून पाहू लागला. चाचा मिशांतल्या मिशांत हसत होते. आम्ही बोलण्यास तोंड उघडले तोच कोपऱ्यातून आवाज आला:

"अजून एक फेरा दे की. आपल्या विहिरीवरच्या इंजनाचं काय हाय? चाक दोनदा फिरतं तवा वरचा दांडा एकदा हलतो. धाकला होतास तवा मोजत बसायचास."

मुलाने दुसरा फेरा दिला. दोन्ही खुणा हळूहळू येऊन नाकासमोर नाक अशा थांबल्या. कोणी काही बोलले नाही. त्या गृहस्थांच्या विहिरीवर जुने डिझेल इंजिन आहे. त्यात साखळी नसून दात्याला दाता भिडविलेली चक्रे असतात, परंतु प्रमाण हेच, एकास दोन. मुलाने ते लहानपणी मोजले होते आणि वडिलांस ते स्मरत होते. आम्ही मात्र त्याच मुलास गुणोत्तर शिकविताना आंब्यांची व संत्र्यांची उदाहरणे घालीत होतो.

उरलेले काम वेगाने झाले. नवे तेलसील, नवे पॅकिंग, झाकण, पंखा, रेडिएटर. संध्याकाळी गाडी सुरू केली तेव्हा वडिलांस खाटेवरून उठवून जवळ आणले. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, मान कलती करून बराच वेळ ऐकले आणि म्हणाले, "आता बंद कर. पेट्रोल महाग आहे."

तपासणी पार पडली. जानेवारीत आम्ही सोलापुरास गेलो. तुळजापूरच्या घाटात कोणी भोंगा वाजविला नाही. डावीकडची जागा वडिलांनी रिकामी ठेवावयास सांगितली होती, म्हणून ते स्वतः मागे बसले.

त्या शेतकरी गृहस्थांनी अलीकडे एकदा शाळेत येऊन चौकशी केली की दहावीनंतर यंत्राचे शिक्षण कोठे कोठे मिळते. औद्योगिक प्रशिक्षण संस्था व तंत्रनिकेतन यांतील फरक आम्ही त्यांस समजावून दिला. त्यांनी तो मुलाकडून कागदावर लिहून घेतला.

जुनी दोन चक्रे आम्ही विज्ञानाच्या खोलीत मेजावर ठेवली होती. लहानावर एक व मोठ्यावर एक अशी पांढऱ्या रंगाची खूण अजून आहे. गुणोत्तराच्या पाठास ती फार उपयोगी पडतात. परंतु गेल्या महिन्यापासून लहान चक्र तेथे दिसत नाही. ज्या कोणा विद्यार्थ्याने ते पाहण्यासाठी नेले असेल त्याने ते परत आणून ठेवावे. नाव विचारले जाणार नाही. फक्त दाते किती मोजले, तेवढे मात्र सांगावे लागेल.